दादा गेले, दोन वह्या राहिल्या

माणगंगा

तेराव्याचे पाहुणे काल गेले. आज सकाळी पहिल्यांदा घरात भांड्यांचाही आवाज नव्हता, म्हणून लिहायला बसले.

दादा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकले होते, शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःचं पाणी स्वतः घेत होते. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण "सोनं झालं" म्हणून गेला. झालंच. पण मला त्यांच्या मरणाविषयी लिहायचं नाही, ते जगले कसे ते लिहायचंय.

माण तालुक्यातल्या चार गावांत मिळून अडतीस वर्षं ते प्राथमिक शिक्षक होते. १९५५ ला लागले, १९९३ ला निवृत्त झाले. चारही गावांत त्यांना फक्त गुरुजी म्हणत. दुसरा कोणी शिक्षक आला तर त्याला नावाने किंवा आडनावाने हाक, नुसते गुरुजी म्हणजे दादाच.

१९४९ साली आजोबांनी एक पोतं ज्वारी आणि एक वाकळ बरोबर देऊन त्यांना साताऱ्याला पाठवलं. धनिणीच्या बागेतलं शाहू बोर्डिंग आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल. 'कमवा आणि शिका' हे आपण आता पुस्तकात वाचतो, दादांच्या तळहातावर ते दिसायचं. अंगावरच्या कामाशिवाय शिक्षण नाही, आणि कोण कुठल्या जातीचा हे पंगतीत विचारायचं नाही, हे दोन नियम. भाकरी भाजायची पाळी सगळ्यांना असे. दादा शेवटपर्यंत भाकरी आईपेक्षा पातळ करायचे, आणि हे आई स्वतः कबूल करायची. सुट्टीच्या दिवशी चुलीपुढे ते बसत. त्या काळात गावात यावरून बरंच बोललं गेलं. दादांनी कधी उत्तर दिलं नाही आणि भाकरी करणंही सोडलं नाही.

१९५८ ला लग्न झालं. आई सतरा वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्यांना लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवायचं, साधारण चार महिन्यांत. वेगळा शिक्षक नाही, वेगळा पगार नाही. शाळामास्तर, शिकलेली पोरं आणि ज्याच्या घरी कंदील असेल तो. पुरुषांचा वर्ग मारुतीच्या देवळात बसू लागला. बायका मात्र येईनात. परक्या पुरुषापुढे पाटी घेऊन कोण बसणार?

मग दादांनी काय केलं, तर आईला शिकवायला घेतलं. पहाटे चुलीपाशी ते तिला एक धडा शिकवायचे आणि रात्री आई तोच धडा बायकांना शिकवायची. म्हणजे आई तिच्या वर्गापेक्षा फक्त एक दिवस पुढे होती. एकदा तिला ताप आला आणि तिचा पहाटेचा धडा चुकला, तर त्या रात्री तिने बायकांकडून आदल्या दिवसाचाच धडा तीनदा घोटून घेतला, पण वर्ग मोडला नाही. गाव साक्षर झाल्याचा समारंभ झाला तेव्हा आईने सगळ्यांसमोर फळ्यावर गावाचं नाव लिहिलं. ही गोष्ट दादा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की आई शेवटी उठून जायची.

त्याच साली ९ मे रोजी अण्णा गेले. दादा मिळेल त्या वाहनाने साताऱ्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी आले. आल्यावर त्यांनी दोन वह्या केल्या.

या वह्यांसाठीच हा धागा आहे. एक घरखात्याची, ती आईच्या हाती. दुसरी पोरांच्या खात्याची, ती दादांच्या हाती. पगार आला की आधी आईपुढे ठेवायचा. ती महिन्याचं धान्य, तेल, आमची औषधं, सासरमाहेरचं देणंघेणं असं सगळं मांडायची. ती जेवढे बाजूला सारेल तेवढेच पोरांच्या खात्यात. कधी वीस रुपये, कधी दोन, कधी काहीच नाही. त्यातून कोणाची फी, कोणाला पाट्या, कोणाला एसटीचं भाडं. नियम एकच होता: या वहीतून त्या वहीत उसनं जायचं नाही.

असं का, ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या जयंतीला ते शाळेत लक्ष्मीवहिनींची गोष्ट सांगत. बोर्डिंगातल्या पोरांसाठी वहिनींनी एकेक दागिना दिला आणि शेवटी घरात धान्य नाही म्हणून मंगळसूत्रही दिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दादा तिथे थांबत आणि म्हणत, "हे त्यांनी दिलं. त्यांच्यानंतर कोणाही बाईकडून हे मागायची वेळ आली, तर ते आपलं अपयश."

१९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप आठवत असेल अनेकांना. सरकारी कर्मचारी, शिक्षक सगळे त्यात होते. दादाही होते. दोन महिने पगार नाही. त्याच वेळी त्यांचा एक विद्यार्थी कराडला इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या मेसचे पैसे थकले होते. आईने गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून समोर ठेवली. अकरा पुतळ्या, तिच्या आईची माळ. दादांनी ती उचलून पुन्हा तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सायकल विकली. नंतर दोन वर्षं ते शाळेला चालत गेले, येऊन-जाऊन चार कोस.

समाजासाठी झिजणारी माणसं घराला पारखी होतात असं आपण धरूनच चालतो. माझ्या वडिलांनी तसं होऊ दिलं नाही. ते मुद्दाम, हिशेब ठेवून केलं. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनी इथे लिहावं, एवढीच इच्छा.

खटावकर

भावपूर्ण श्रद्धांजली. एक दिवस पुढे असलेली आई वाचून पुढचं थोडा वेळ वाचताच आलं नाही.

जुना_फळा

ताई, मी गुरुजींचा विद्यार्थी. तुम्ही मला ओळखणार नाही, आम्ही १९७५ लाच गाव सोडलं.

१९७२ च्या दुष्काळाचं लिहितो. पाझर तलावाच्या कामावर आख्खं गाव होतं, माझी आई आणि थोरली बहीण खडीवर. शाळेत पोरं उरली नव्हती, कारण धाकट्यांना सांभाळायला तीही कामावरच. गुरुजी शाळा सुटल्यावर तलावावर यायचे. सुकडी वाटायची वेळ झाली की पोरं एका जागी गोळा होत, तिथेच बाभळीखाली ते पाढे घ्यायचे. बाभळीला सावली ती किती, पण तेवढीच होती.

पण मला सांगायचंय ते बायकांचं. त्या ज्या खड्ड्याचं माप खोदत त्याची नोंद मुकादम करी. लांबी, रुंदी, खोली. गुरुजींनी त्यांना तीन आकड्यांचा गुणाकार शिकवला. बाकी काही नाही, तेवढंच. आणि हजेरीपटावर आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते ओळखायला. पंधरवड्याच्या पगाराला माझ्या आईने पहिल्यांदा "माझे दोन दिवस कमी लावलेत" असं म्हटलं, तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. मुकादमाने पट उलटून पाहिला आणि दोन दिवस लावले. तिचा आवाज कापत होता. घरी आल्यावर तिने तो गुणाकार भिंतीवर कोळशाने पुन्हा करून पाहिला.

मी पुढे हिशेबनीस झालो. त्याचं मूळ त्या भिंतीवर आहे.

शेवंती

लेख फार मनापासून लिहिलाय. पण मला लक्ष्मीबाईंच्या गोष्टीवर थोडं बोलायचंय, राग मानू नका.

माझे वडीलही समाजकार्यात होते. नाव लिहीत नाही, गावही नाही. आमच्या घरी ही मंगळसूत्राची गोष्ट वारंवार सांगितली जायची, आणि ती माझ्या आईला उद्देशून असायची. तिने एकेक वस्तू दिली. मनापासून दिली की नाही हे तिला कोणी विचारलं नाही. सत्काराला वडील व्यासपीठावर आणि आई मागे चहाच्या भांड्यांपाशी. मी दहावीला असताना माझ्या फीसाठी आईने शेजारणीकडे हात पसरला, कारण घरातले पैसे कोणा दुसऱ्या मुलीच्या फीला गेले होते. त्या मुलीचं चांगलं झालं, तिचा मला राग नाही. पण तुमच्या वडिलांनी गोष्टीनंतर जोडलेलं ते एक वाक्य आमच्या घरी कोणी म्हटलं असतं तर माझं बालपण वेगळं झालं असतं.

माणगंगा

शेवंती, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते दादांनी वाचायला हवं होतं असं वाटलं. घरखात्याची वही आईच्याच हाती का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, देणाऱ्याच्या हाती वही नसेल तर ते देणं होत नाही, ते काढून घेणं होतं.

पाऊलवाट

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी, कारण वर अण्णा आणि वहिनी असे उल्लेख आलेत.

अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. सत्यशोधक विचारांचे, शाहू महाराजांच्या छायेत घडलेले. साताऱ्यात खासगी शिकवण्या घ्यायचे, तेव्हा त्यांना पाटील मास्तर म्हणत. किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले, पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशी जोडले गेले. त्या फिरतीत त्यांनी खेडी आतून पाहिली आणि १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथलं वसतिगृह सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र घेऊन सुरू झालं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. म्हणजे मोफत निवासी हायस्कूल (१९४०), कॉलेज (१९४७), पुढे गावोगावी उभ्या राहिलेल्या शाळा, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पाहिली ती फक्त भुकेली पोरं आणि रिकामे डबे. संस्थेचा वटवृक्ष आपण बोधचिन्हात बघतो, पण वहिनींनी दागिने दिले तेव्हा ते रोपही धड नव्हतं. माझ्या मते त्यांच्या देण्याचं वजन यात आहे. आणि म्हणूनच ते मागण्याचं उदाहरण म्हणून वापरू नये हे गुरुजींचं म्हणणं मला पूर्ण पटतं. अण्णांवर इतकं वाचलं, पण ही बाजू मला कधी सुचली नव्हती.

मधली

मी माणगंगाची धाकटी बहीण, तीन भावंडांतली मधली. तिने सांगितलं म्हणून इथे आले.

ताईने दादांचं चांगलं तेच लिहिलंय, आणि खोटं एक अक्षर नाही. पण मला त्यांचा रागही आला होता तो लिहिते. चौथीपर्यंत मी त्यांच्याच वर्गात होते. माझं उत्तर बरोबर असलं तरी ते आधी दुसऱ्या चौघींना विचारायचे. वर्षभर मी हात वर करून बसलेली. घरी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला मागे अंगणात नेलं आणि म्हणाले, "तुला रात्री कंदिलाजवळ मी विचारतो की नाही? त्यांना कोण विचारणार?" मला तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही थोडंसं नाहीच पटलेलं.

पण माझी वेणी तेच घालायचे. आई पहाटे पाण्याला जायची, म्हणून. दोन घट्ट वेण्या, लाल फिती. अख्ख्या शाळेत माझी वेणी कधी सुटली नाही.

आणि भूकंपाची पहाट. ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा हादरा आमच्याकडेही जोरात बसला. मी तीन वर्षांची, म्हणजे मला आठवत नाही, आईकडून ऐकलंय. आम्हा पोरांना एकेक करून बाहेर आणलं, आजीला पाठीवर घेऊन आणलं, सगळ्यांना खळ्यात वाकळांवर बसवून मोजलं, पुन्हा मोजलं. मग आईला विचारलं, "आता जाऊ?" ती हो म्हणाल्यावर शाळेच्या भिंती बघायला पळाले. गावात इतरांनी हेच केलं असेल. पण ते "आता जाऊ?" आई म्हातारपणीही सांगायची.

खटावकर

मधलीताई, तुमचा रागही लिहिलात हे बरं केलंत. त्याने गुरुजी जास्त ओळखीचे झाले.

उंबर

हा धागा मला मुलीने पाठवला. मला टंकायला वेळ लागतो, चुका असतील तर सांभाळून घ्या.

ताई, सायकल ज्याच्यासाठी विकली तो मी.

तुम्हाला जे माहीत आहे त्यात एक गोष्ट कमी आहे. मी सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण तसा शब्द दिला होता. आता ज्यांना दिला त्याही नाहीत आणि ज्यांच्यापासून लपवायची होती तेही नाहीत.

सायकलीचे आले तेवढे मेसच्या थकबाकीला गेले. परीक्षेची फी राहिलीच होती. ते मी गुरुजींना सांगितलं नाही. सायकल विकली गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? काकूंनी मात्र ओळखलं. दुसऱ्या दिवशी एसटीवर मला भाकरीचं फडकं द्यायला आल्या. गाडी दहिवडी सोडून पुढे आल्यावर मी ते सोडलं. चार भाकऱ्या, लसणाची चटणी, आणि भाकऱ्यांच्या मध्ये कागदाची घडी. घडीत एक पुतळी.

तो कागद माझ्याकडे आहे. अक्षर मोठं, ओळ वर चढत गेलेली. "ही मोडून फी भर. गुरुजींस सांगू नको. पास हो."

मी पास झालो. नोकरी लागली. १९८२ च्या दिवाळीत सोनाराकडून एक पुतळी घेऊन मी गावी आलो. गुरुजी देवळात होते. काकूंपुढे ठेवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माळ पुरी आहे बाबा. मोज." गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली. मी मोजल्या. अकरा होत्या. मला वाटलं त्यांनी माहेरून एखादी आणली असेल. माझी पुतळी त्यांनी घेतली नाही. "ज्याला गरज असंल त्याला दे" म्हणाल्या. ती मी दिली, पुढेही देत गेलो, त्याचं इथे लिहीत नाही.

गुरुजींना हे कळलं नाही, एवढं एक ओझं माझ्यावर राहिलंय.

शेवंती

उंबर काका, तिने कोणाच्या सांगण्यावरून दिली नाही. वही तिच्याच हाती होती. यात ओझं वाटून घेऊ नका.

माणगंगा

उंबरदादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आणि मधली दोघी माडीवर गेलो. ट्रंकेत सगळ्या वह्या आहेत, वर्षवार सुतळीने बांधलेल्या.

आईच्या घरखात्यात १९७८ च्या फेब्रुवारीत काहीच नाही. तिने नोंद केली नाही. वीस वर्षांत तिची एक ओळ चुकली नव्हती, आणि ही मात्र तिने लिहिली नाही.

मग दादांची वही उघडली. त्याच महिन्यात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: "सौ.ची पुतळी १. पोरांच्या खात्याकडून येणे."

त्यांना माहीत होतं. कधी कळलं, कसं कळलं, देव जाणे. माळ गळ्यातच असायची, दहा पुतळ्या त्यांना दिसल्याच असणार. त्यांनी आईला विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही.

पुढे दर महिन्याला एक ओळ. "पानाचे, पुतळीकडे." कधी बारा रुपये, कधी पंधरा. आम्ही दोघी खाली बसून पानं उलटत होतो. १९८१ च्या दसऱ्यापर्यंत ओळी आहेत. मग: "पुतळी घेतली. सौ.स दिली. खाते मिटले."

मधली

दादांना जेवणानंतर पान लागायचं, सुपारी-कात सगळं. मी आठवीत असताना ते एकाएकी बंद झालं. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, दातांना चांगलं नाही. आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. आईनेही तेव्हा मान हलवली होती.

म्हणजे उंबरदादा, तुम्ही १९८२ ला मोजल्यात त्या अकरा बरोबर होत्या.

जुना_फळा

वाचतोय. काही लिहिता येत नाही.

उंबर

ताई, एक विचारू? माळ कोणाकडे आहे?

माणगंगा

माझ्यापाशीच आहे, आत्ता समोर ठेवली आहे. दहा पुतळ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, त्यांच्यावरची नक्षी बोटाला लागत नाही. एक जरा वेगळ्या छापाची आहे आणि तिच्या कडा अजून धारदार आहेत. लहानपणी मधली आईच्या मांडीवर झोपताना तीच बोटांत धरून झोपायची, आणि ती एकच टोचते का, असं आम्ही कधी विचारलं नाही.

मधली

टोचायची, पण थंडही तीच लागायची. मी तेव्हा लहान नव्हते गं, सतरा वर्षांची होते. कॉलेजला निघाले होते आणि आदल्या रात्री आईच्या मांडीवर पडले होते.

उंबर

काकूंचा कागद मी तुमच्याकडे आणून देतो. वह्यांबरोबर ठेवा. रविवारी आलो तर चालेल?

माणगंगा

या. दुपारपर्यंत या, भाकरी इथेच खा.